नावातला उजेड

नाशिकच्या सराफ बाजारात किंवा रविवार कारंजाच्या आसपास एखाद्या जैन कुटुंबात बाळ जन्माला आले की पहिल्या तासात दोन नोंदी होतात, एक वजनाची आणि दुसरी वेळेची. वजन डॉक्टरांच्या कामाचे, वेळ पत्रिका मांडणाऱ्याच्या कामाची. दिवेलागणीपर्यंत नक्षत्र आणि चरण ठरून एक अक्षर कुटुंबाच्या हाती येते आणि पुढचे अकरा दिवस सगळे घर त्या अक्षराभोवती फिरू लागते. नाव ठेवण्याचा मान मारवाडी घरात भुवासांचा, गुजराती घरात फोईबांचा, मराठीभाषक सैतवाळ घरात आत्याचा. मान वेगवेगळ्या नावांनी ओळखला जातो. अडचण मात्र सर्वांची एकच. बाळ हस्त नक्षत्रावर जन्मले असेल तर पू, ष, ण आणि ठ ही अक्षरे समोर येतात. ‘ण’वरून मराठीत शब्द शोधू जाता हाती काही लागत नाही. प्राकृताचे तसे नाही. ‘णमो’ तिथलाच आणि ज्ञानाला ‘णाण’ म्हणणारेही तिथलेच. चांदवड तालुक्यात मालसाणे येथे तर णमोकार तीर्थच उभे आहे. तरीही शाळेच्या हजेरीपटावर ‘ण’पासून सुरू होणारे नाव घालण्याचे धैर्य अद्याप कोणत्या आत्याने केल्याचे ऐकिवात नाही.

त्यातच अलीकडच्या आईवडिलांची आणखी एक अट असते. नावाचा अर्थ तारा, किरण, तेज, पहाट असा काहीतरी असावा. मागच्या पिढीला ही आवड जुनाट वाटत होती. पेढ्यांच्या जुन्या वह्या उघडल्या तर पानापानांवर ताराचंद, दीपचंद, सूरजमल, चांदमल, उदयचंद भेटतात. घरात ताराबाई, चांदाबाई, किरणदेवी वावरत असतात. त्यांच्या मुलांनी ही नावे मोडीत काढली आणि आता नातवंडे पुन्हा आकाशाकडे पाहू लागली आहेत. पणजोबांचा ‘चंद’ मात्र त्यांना नको असतो. तेवढा सोडून सारे नक्षत्रमंडळ चालते.

अर्थ आणि अक्षर यांचे जुळले तर प्रश्नच नाही. भांडण होते ते न जुळल्यावर. मुलीला ‘तारा’ म्हणावे असे आईच्या मनात नऊ महिने घोळत असते आणि पत्रिका ‘दे, दो, चा, ची’ सांगते. आजोबा अक्षरावर अडतात, सून मनातल्या नावावर, आणि मुलगा नेहमीप्रमाणे दुकानात निघून जातो. अशा वेळी दोन्ही बाजू ‘आपल्या धर्मात असेच आहे’ असे म्हणतात. तेव्हा धर्मग्रंथांत नेमके काय आहे ते पाहणे बरे.

अक्षरांची ही पद्धत अवकहडा चक्रावरून येते. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. १०८ हा आकडा माळ ओढणाऱ्या घरांना जिव्हाळ्याचा, त्यामुळे चक्र आपलेच वाटते. परंतु जैन आगमांत नक्षत्रे अठ्ठावीस मोजली आहेत आणि सूर्यप्रज्ञप्ती त्यांची सुरुवात अभिजितापासून करते. अभिजित म्हणजे आजच्या खगोलशास्त्रातील व्हेगा, उत्तर आकाशातील एक अतितेजस्वी तारा. सत्तावीसच्या हिशेबात त्याला जागाच राहत नाही.

तीर्थंकरांच्या नावांना हे चक्र लावून पाहिले तर त्याहून मोठी गंमत दिसते. भगवान महावीरांचे जन्मनक्षत्र उत्तराफाल्गुनी. त्याची अक्षरे टे, टो, पा, पी. नाव ठेवले गेले वर्धमान. पार्श्वनाथांचे नक्षत्र विशाखा, अक्षरे ती, तू, ते, तो. ऋषभदेवांचे उत्तराषाढा, अक्षरे भे, भो, जा, जी. नेमिनाथांचे चित्रा, अक्षरे पे, पो, रा, री. चंद्रप्रभांचे अनुराधा, अक्षरे ना, नी, नू, ने. पाचांपैकी एकही नाव आपल्या नक्षत्राच्या अक्षरावर बसत नाही. आजच्या आजोबांनी पाचही नावे परत पाठवली असती.

मग ती नावे आली कुठून? कल्पसूत्रात याचे उत्तर सविस्तर मिळते. मूर्तिपूजक श्वेतांबर परंपरेत पर्युषणातील जन्मवाचनाच्या दिवशी ते दरवर्षी कानांवर पडते. पण पाळणा, श्रीफळ आणि बोली यांच्या गडबडीत नामकरणाच्या भागाकडे लक्ष जातेच असे नाही. बाळाच्या जन्मानंतर कुळाचार झाला. तिसऱ्या दिवशी बाळाला चंद्रसूर्याचे दर्शन घडवले. सहाव्या रात्री जागरण केले. अकरा दिवस सरून सोयर फिटल्यावर बाराव्या दिवशी आप्तस्वकीयांना जेवू घातले आणि त्यांच्यासमोर नाव जाहीर केले. आज मराठी घरातली सटवाईची रात्र, मारवाडी घरातली सूरजपूजा आणि बाराव्या दिवसाचे बारसे पाहिले की ही वहिवाट किती जुनी आहे ते लक्षात येते. नाव मात्र बाराव्या दिवशी सुचलेले नव्हते. बाळ गर्भात आल्यापासून सिद्धार्थ राजाच्या घरी सोने, चांदी, धान्य, मान सारे वाढत गेले, म्हणून मुलगा झाल्यास त्याला वर्धमान म्हणायचे हे मातापित्यांनी आधीच ठरवले होते. व्यापारी घराला हे नाव का भावते, ते वेगळे सांगायला नको. घरातल्या प्रत्यक्ष वाढीवरून, जणू ताळेबंद पाहून ठेवलेले ते नाव आहे.

हीच तऱ्हा इतरत्र दिसते. मातेने अंधाऱ्या रात्री आपल्या पार्श्वाशी, म्हणजे कुशीशेजारी, काळा सर्प पाहिला म्हणून पार्श्व. स्वप्नात रिष्टरत्नांच्या चक्राची नेमी, म्हणजे धाव, दिसली म्हणून अरिष्टनेमी. महावीरांना तर कल्पसूत्र तीन नावे देते आणि तिन्हींची कारणे देते. मातापित्यांनी दिले ते वर्धमान. रागद्वेष गळाले म्हणून श्रमण. भयाच्या प्रसंगी अचल राहिले म्हणून देवांनी म्हटले महावीर. दिगंबर परंपरेत वीर, अतिवीर आणि सन्मती ही नावेही आहेत आणि प्रत्येकामागे प्रसंग आहे. म्हणजे नावाआधी काही घडलेले असे, आणि नाव त्याची आठवण ठेवत असे.

प्रकाशाच्या नावांत सर्वात जवळचे नाव आठव्या तीर्थंकरांचे. चंद्रपुरीच्या महासेन राजाची राणी लक्ष्मणा हिला गरोदरपणी चंद्र प्यावा असे डोहाळे लागले, आणि जन्मलेल्या बाळाची कांती चंद्रासारखी शुभ्र होती; म्हणून चंद्रप्रभ. हे नाव नाशिककरांना परके नाही. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ लिहिला. त्यात नासिक्यपुरावर स्वतंत्र कल्प आहे आणि तो चंद्रप्रभस्वामींच्या इथल्या मंदिराविषयी आहे. पांडवांची माता कुंती हिच्याशी त्याचा संबंध जोडून त्याला कुंतीविहार म्हटले जाई. आज रामाच्या आणि कुंभमेळ्याच्या नावाने ओळखले जाणारे हे शहर एके काळी जैन यात्रेकरूंच्या लेखी चंद्रप्रभांचे गाव होते.

प्रकाश शहराच्या भूगोलातही आहे. पांडवलेण्यांच्या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी, तीन किरणांचा. उषवदाताच्या शिलालेखात ते कोरलेले आहे. हा उषवदात म्हणजे ऋषभदत्त, क्षत्रप नहपानाचा जावई. लेणी बौद्ध आहेत, मात्र अकराव्या लेण्यात पुढे ऋषभदेव आणि अंबिका यांच्या मूर्ती आल्या. त्या शिलालेखातला एक तपशील बाजारपेठेतल्या वाचकांसाठी येथेच नोंदवावासा आहे. ऋषभदत्ताने गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले, मुद्दल परत न काढण्याच्या अटीवर. ठेवीदाराचे नाव, रक्कम, दर आणि हेतू दगडावर कोरलेले असल्यामुळे जवळजवळ एकोणीसशे वर्षांनंतरही त्या खात्याविषयी शंका उरलेली नाही.

आता आकाशातल्या नावांकडे. ताऱ्यांवरून नाव ठेवायचे तर आपल्या पंचांगाइतका समृद्ध साठा दुसरीकडे शोधावा लागत नाही. वैशाखात रात्री डोक्यावर येणारी नारिंगी स्वाती म्हणजे आर्क्ट्युरस; महावीरांच्या निर्वाणाच्या वेळी चंद्र याच नक्षत्रात होता असे कल्पसूत्र सांगते. तिच्या दक्षिणेला शुभ्र चित्रा, ती स्पायका. मघा, विशाखा, श्रवण, रेवती, कृत्तिका, अरुंधती, ध्रुव, अगस्त्य हे सगळे नाशिकमधून उघड्या डोळ्यांनी दिसणारे. यांपैकी ज्येष्ठा हे चेटक राजाच्या एका कन्येचेही नाव. तिची बहीण प्रभावती सोळा सतींतील एक, आणि महावीरांच्या अकराव्या गणधरांचे नाव प्रभास. दोन्ही नावांत तेज आहे आणि दोन्ही आजही कानाला जड नाहीत.

यांत ‘रोहिणी’चा मान वेगळा आहे. आकाशातली रोहिणी म्हणजे आल्डेबरन हा लालसर तारा. रोहित म्हणजे तांबडा, त्यावरून ती रोहिणी. जैन घरांत रोहिणी नक्षत्राच्या दिवशी उपवास करून वासुपूज्य स्वामींची आराधना करण्याचे व्रत आहे. पण ज्ञाताधर्मकथा या आगमात आणखी एक रोहिणी आहे. राजगृहाच्या धन्य सार्थवाहाने आपल्या चार सुनांना भाताचे पाच पाच दाणे दिले आणि सांगितले की मागेन तेव्हा परत द्या. पहिलीने दाणे फेकून दिले, दुसरीने खाऊन टाकले, तिसरीने डबीत जपून ठेवले. चौथीने ते माहेरच्या शेतात पेरायला लावले. पाच वर्षांनी सासऱ्यांनी दाणे मागितले तेव्हा ते आणायला गाड्या लागल्या. त्या चौघींची नावे उज्झिका, भोगवती, रक्षिका आणि रोहिणी. इथला ‘रोह’ हा उगवण्याचा, वाढण्याचा. घराचा कारभार रोहिणीकडे गेला. एकाच नावात आकाशातला तारा आणि शेतातला अंकुर असे दुर्मीळ दान या शब्दाला मिळाले आहे, आणि तरी आज पाळण्यांत रोहिणी क्वचितच सापडते.

त्याऐवजी सापडतात ती नावे पाहिली की काळजी वाटते. नावांच्या तयार याद्या फोनवर येतात आणि त्यांत अर्थाच्या रकान्यात काहीही लिहिलेले असते. ‘आरव’ म्हणजे शांत किंवा प्रकाश असे सांगितले जाते. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरोळी. ‘रेयांश’ म्हणजे प्रकाशाचा अंश म्हणे. संस्कृतात ‘रेय’ असा प्रकाशवाचक शब्द नाही. असेल तर तो इंग्रजी किरण आहे आणि त्याला संस्कृत शेपूट जोडलेले आहे. ‘विवान’मध्ये सूर्याचे विवस्वान हे नाव अर्धे गळून पडले आहे. ‘कियारा’ची गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. इटालियन भाषेत तिचे मूळ पाहिले तर अर्थ निर्मळ, तेजस्वी. आयर्लंडच्या जुन्या भाषेतल्या जवळजवळ तशाच नावाचा अर्थ काळी, सावळी. परभाषेतली नावे वर्ज्य असावीत असे नाही. रोशनी फारसीतून आली, मिहिरही मूळ इराणातला सूर्य, आणि दोघेही आता घरचे झाले आहेत. प्रश्न एवढाच की ज्या समाजात माल पारखल्याशिवाय घेत नाहीत, हॉलमार्क पाहिल्याशिवाय बांगडी उचलत नाहीत, तिथे आयुष्यभराचे नाव कोणत्याही कसोटीवाचून कसे घेतले जाते? एखादा संस्कृत कोश किंवा चातुर्मासासाठी आलेले साधू-साध्वी यांना विचारायला फार तर अर्धा तास लागतो.

खुद्द ‘उद्योत’ हा शब्दच पाहा. लोगस्स रोज म्हणणाऱ्या घराला तो प्राकृत रूपात पाठ असतो. जिनेश्वर तिथे जगाला उजळणारे म्हणून आठवले जातात आणि अखेरीस चंद्राहून निर्मळ, सूर्याहून तेजस्वी म्हटले जातात. याच शब्दाचे नाव धारण करणारे आचार्य उद्योतनसूरी यांनी इ.स. ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. त्यांनी बाजारात जमलेल्या नाना देशींच्या व्यापाऱ्यांच्या बोली टिपल्या आणि त्यांत मराठी बोलणाऱ्यांचीही नोंद केली. मराठी भाषेच्या इतिहासकारांना त्या ओळी पुन्हा पुन्हा उघडाव्या लागतात. ‘उद्योत’ हे नाव उच्चाराला सोपे, अर्थाला पक्के, आणि आज जवळपास मोकळे आहे.

मात्र नावाने किती साधते, यावर जैन दर्शनाने जितका काटेकोर विचार केला तितका क्वचितच कुणी केला असेल. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. गुण असो वा नसो, व्यवहारासाठी एखाद्याला इंद्र म्हटले तर तो नामाने इंद्र. नामाचा हा हिशेब इतका रोखठोक आहे की मुलाचे नाव ‘तेजस’ ठेवले म्हणून त्याच्या खात्यावर तेज आपोआप जमा होत नाही. महावीरांच्या निर्वाणरात्री जमलेल्या अठरा गणराजांनी हाच भेद केला. भावप्रकाश गेला, आता द्रव्यप्रकाश करू, असे म्हणून त्यांनी दिवे लावले आणि दिवाळी सुरू झाली.

साध्वी मृगावतींची कथा याहून पुढे जाते. कौशांबीला भगवंतांच्या समवसरणात चंद्र आणि सूर्य आपल्या मूळ विमानांसह वंदनाला आले. एवढा लखलखाट पडला की रात्र झाल्याचे मृगावतींना कळलेच नाही. ती विमाने परत गेली तेव्हा अंधारात त्या उपाश्रयात परतल्या आणि उशिराबद्दल आर्या चंदनांनी त्यांना बोल लावला. मृगावतींनी उत्तर दिले नाही, आपलीच चूक पाहत राहिल्या, आणि त्याच रात्री त्यांना केवलज्ञान झाले. झोपलेल्या चंदनांच्या हाताजवळून काळ्या मिट्ट अंधारात साप जाताना त्यांनी पाहिला व हात बाजूला केला. इतक्या काळोखात साप दिसला कसा, हे चंदनांनी विचारले तेव्हा उलगडा झाला. सूर्यचंद्र जवळ आलेले असताना ज्यांना वेळ दिसली नाही, त्यांना दिवा नसताना साप दिसला.

द्रव्यनिक्षेपाइतकीच खरी बाजू कागदाची आहे आणि ती बारशाच्या घाईत हमखास सुटते. अंकशास्त्राच्या सल्ल्याने इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवले जाते. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, आजोबांनी नातीच्या नावे ठेवलेल्या ठेवीवर तिसरे. आजोबा असेपर्यंत काही बिघडत नाही. पुढे ठेव मोडायची वेळ येते तेव्हा प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद आणि हेलपाटे सुरू होतात, आणि वाढवलेल्या त्या एका अक्षराची किंमत कळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पारपत्र, मतदारयादी अशा बहुतेक कामांना जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावापुढे महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांत आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहिले जाते. तेव्हा नाव निवडताना ते आईच्या नावासह मोठ्याने म्हणून पाहावे. आणि नावावरून घरात एकमत होत नसेल तर बाराव्या दिवसाचा धाक बाळगण्याचे कारण नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, पण बाळाचे नाव त्या नोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. अक्षराचे नाव पत्रिकेत आणि मनातले नाव दाखल्यावर, ही जुनी तडजोडही अनेक घरांना तारून नेते.

कधीकधी उलटेही घडते आणि माणसाचे नाव ताऱ्याला मिळते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्रत्येक देशाला एका ताऱ्याचे व त्याच्या ग्रहाचे नाव ठेवू दिले. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याचे नाव ठेवले गेले ‘बिभा’, म्हणजेच विभा. विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्या बिभा चौधुरी या शास्त्रज्ञ बाईंवरून ते आले; मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्यांनी काम केले होते. त्या हयात असताना त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. त्या ताऱ्याभोवती दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात फेरी मारणाऱ्या ग्रहाचे नाव ‘संतमस’, दाट झाकोळ. ते पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवले होते. तीनशेहून अधिक प्रकाशवर्षांवरच्या त्या प्रकाशाला आणि अंधाराला अशी आपल्याकडची दोन नावे मिळाली.

नाशिकच्या प्रसूतिगृहांतून बाळ-बाळंतिणीला साधारणपणे तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. कल्पसूत्रातल्या चंद्रसूर्यदर्शनाचा दिवस तोच, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बिल भरले जाते, पिशव्या गाडीत जातात, आणि पायऱ्यांवर येताच ऊन बाळाच्या तोंडावर पडते. बाळ डोळे गच्च मिटते. आई पदर पुढे ओढू लागते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आजी तिचा हात क्षणभर धरून म्हणतात, “राहू दे गं, बघू दे त्याला.” नाव अजून ठरलेले नसते.